‘खून करू नको’ आणि स्ट्राँगचा क्रमांक

मा. संपादक,

बायबल आणि हिंसा असा वाद निघाला की कुणीतरी एखादा हिब्रू शब्द पुढे करतो, सोबत स्ट्राँगचा क्रमांक देतो आणि निकाल लागला असे धरून चालतो. स्ट्राँगची शब्दसूची १८९० ची; बायबलमधल्या प्रत्येक मूळ हिब्रू-ग्रीक शब्दाला तिने एक क्रमांक दिला आहे. मूळ शब्द कोणकोणत्या वचनांत आला हे शोधायला ती उत्तमच. पण तिच्या नोंदीत आडव्या रेघेनंतर येणारे शब्द म्हणजे किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात वापरलेल्या प्रतिशब्दांची जंत्री. त्यातला सोयीचा उचलून हव्या त्या वचनाला चिकटवता येत नाही.

दहा आज्ञांपैकी ‘खून करू नको’ (निर्गम २०:१३) हीच घ्या. मूळ हिब्रू क्रियापद ‘रात्साख’, क्रमांक ७५२३. लढाईत मारणे किंवा पशू कापणे यांसाठी ते येत नाही, त्यांना वेगळी क्रियापदे आहेत. म्हणून ‘रात्साख म्हणजे फक्त बेकायदा खून’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. आता बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाचा ३५ वा अध्याय उघडा. ज्याच्या हातून चुकून माणूस मेला आणि जो आश्रयनगरात (सूडापासून संरक्षण देणाऱ्या नगरात) पळाला, त्यालाही ११ व्या वचनात याच धातूवरून नाव आहे. तो नगराच्या हद्दीबाहेर सापडला आणि रक्ताचा सूड घेणाऱ्याने त्याला मारले, तर २७ व्या वचनात क्रियापद हेच, पण मारणाऱ्यावर दोष नाही. ३० व्या वचनात साक्षीदारांच्या जबानीवर होणारा देहदंड, तिथेही हेच! मराठीतला ‘खून’ आज्ञेपुरता योग्यच आहे, पण तेवढ्यावर देहदंडाच्या बाजूने किंवा विरोधात इमारत उभी राहत नाही.

हा धातू जुन्या करारात पन्नासापेक्षा कमी वेळा येतो. सगळी वचने एका बैठकीत वाचून होतात. प्रत्येकापुढे लिहावे: कोणी कोणाला मारले, हेतू होता का, पुढे शिक्षा काय. कोश त्यानंतर उघडावा. आधी उघडला की त्यातलेच वाक्य प्रत्येक वचनात दिसू लागते.

बायबलमधला ‘हामास’ म्हणजेच आजची पॅलेस्टिनी संघटना हमास, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा तर निव्वळ उच्चाराचा खेळ. उत्पत्ति ६:११ मधला हिब्रू शब्द जुलूम-अत्याचाराचा; निर्गम २३:१ मध्ये तो खोट्या साक्षीदारालाही लागतो. पॅलेस्टिनी संघटनेचे नाव अरबी आद्याक्षरांवरून आले आहे. दोघांचा संबंध नाही.

ग्रीकमध्ये अडचण निराळी. मत्तय ११:१२ मधले ‘बियाझेताई’ हे रूप कर्मणी आणि आत्मनेपदी दोन्ही प्रयोगांत सारखेच दिसते. त्यामुळे स्वर्गाच्या राज्यावर जबरदस्ती होते की ते स्वतः जोराने पुढे सरसावते, हे कोश सांगू शकत नाही. पुढचे अर्धे वचन आणि लूक १६:१६ शेजारी ठेवूनच ठरवावे लागते, आणि अभ्यासकांचे तरीही एकमत नाही.

धर्मविषयक मजकुरात मूळ शब्द छापताना त्यासोबत निदान दोन-तीन वचनांचे अध्याय व क्रमांक द्यावेत, ही विनंती. वाचकाला घरच्या प्रतीत पडताळून पाहता येईल.

– एक वाचक, पुणे