काका, तुमच्या शेजारच्या खुर्चीवरून

ती. काका,
सा. न. वि. वि.

गॅम्पेलमधली, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल स्टेडियममधली तुमची खुर्ची यंदा आमच्याकडे आली. पुण्याला कायमचं जाताना तुम्ही सीझन तिकिटाचा कागद माझ्या हातात ठेवलात आणि मी नुसतं "थँक यू काका" म्हणून मोकळी झाले. तेवढ्यावर भागणार नव्हतं. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण ज्यासाठी आभार मानायचे आहेत ते चारचौघांत सांगण्यासारखं आहे. आठ वर्षं बास्केटबॉल खेळून झाल्यावर तुम्ही मला तो बघायला शिकवलंत.

आपली ओळख आठवते? हार्टफर्डजवळचा मराठी मंडळींचा गणपती, हातात प्रसादाची वाटी. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत बघितलंत आणि नाव-गाव न विचारता म्हणालात, "सेंटर?" मी पाच फूट अकरा. सांगलीत या उंचीचं काय करायचं हे नातेवाइकांना कधी कळलं नाही. कोर्टवर मात्र सगळ्यांना कळायचं : रिंगखाली उभं करायचं. आमच्या सरांच्या मला दोनच सूचना असत. हात वर ठेव आणि बॉल आला की टाक. एका झोनलच्या मॅचला माझ्यावर दोघी धावून आल्या, मी बॉल कोपऱ्यातल्या मैत्रिणीला दिला, तिचा शॉट हुकला आणि उरलेली मॅच मी बाकावर बसून काढली. पास देणं म्हणजे अंग काढून घेणं, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

"हो, सेंटर," मी म्हणाले.

"मीपण. पाच फूट आठ. नागपुरात आमच्या टीममध्ये मीच उंच."

मग 2012 च्या डिसेंबरातला तो शनिवार. हार्टफर्डहून स्टॉर्सला जायला अर्धा-पाऊण तास. वाटेत शेतं, बर्फ, आणि युनिव्हर्सिटीच्या हद्दीत चक्क गाई. एवढ्या नावाजलेल्या संघाचं गाव असं असेल असं मला वाटलंच नव्हतं. 1881 मध्ये ही शेतकी शाळा म्हणून सुरू झाली, हे तुम्ही पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगितलंत. थर्मास आत नेता येत नाही, म्हणून चहा गाडीतच, काचा धुरकट होईपर्यंत. तो चहा मॅचइतकाच माझ्या लक्षात आहे. (साखर जरा जास्तच असायची. आता काकूंना सांगितलं तरी चालेल.)

आत गेल्यावर तुमची पहिली सूचना : "बॉल बघू नकोस. डॉल्सनचे पाय बघ."

स्टेफनी डॉल्सन, सहा फूट पाच इंच, युकॉनच्या (कनेक्टिकट युनिव्हर्सिटीच्या) मुलींच्या संघाची सेंटर. मी म्हटलं, एवढी उंच मुलगी, रिंगखाली जाईल आणि टाकेल. ती गेली फ्री थ्रो लाइनच्या टोकाला, ज्याला इथे एल्बो म्हणतात. बॉल घेतला, एक पाय रोवून रिंगकडे वळली आणि नुसती उभी राहिली. मला राग आला. टाक की! तेवढ्यात तिच्या खांद्यामागून एक गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारी मुलगी, कट मारून आत घुसली. डॉल्सनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवर एक टप्पा, आणि बॉल धावणाऱ्या मुलीच्या अशा हातात, ज्या बाजूला डिफेंडर नव्हती. लेअप, रिंगजवळून अलगद टाकलेला शॉट. लोक त्या गार्डसाठी उठून उभे राहिले. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "पाय बघितलेस?"

नव्हते बघितले. पुढच्या वेळी बघितले. बॉल हातात येण्याच्या आधीच तिचे पाय रुंद रोवलेले होते, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे फिरून आली होती. बॉल पकडला तेव्हा कोण कुठे आहे हे तिला आधीच ठाऊक होतं. तुमचं म्हणणं असं की पोस्टची, म्हणजे रिंगजवळ खेळणारी मुलगी पास हाताने देतच नाही. तो पास बॉल येण्यापूर्वी मान वळवून झालेला असतो, हात नंतर नुसता हिशेब चुकता करतात.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही, तुम्ही मला एकेक गोष्ट सुटी करून दाखवलीत. लो पोस्टला, म्हणजे रिंगच्या अगदी जवळ, बॉल गेला की दुसरी डिफेंडर येते, पण ती कुठून येते त्यावर सगळं अवलंबून. बेसलाइनकडून, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडून, आली तर पास वरच्या बाजूला. पास देणारीचीच डिफेंडर खाली घसरली तर बॉल आला तिथेच परत, आणि तीन पॉइंटचा शॉट मोकळा. पलीकडच्या बाजूने आली तर पलीकडचा कोपरा उघडा. पण तिथवर लांबलचक पास हवेत तरंगत टाकला तर तो पोचेपर्यंत डिफेन्सही पोचतो. त्यापेक्षा मधल्या मुलीला द्यावा, तिने लगेच पुढे सरकवावा. दोन छोटे पास एका मोठ्या पासपेक्षा लवकर पोचतात, हे मला गणितात कधी पटलं नसतं. आणि तोवर बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. कमरेशी आणलास की छोट्या गार्ड हात मारून पळवतात. हे शेवटचं मात्र मला माहीत होतं, सांगलीच्या सिमेंटच्या कोर्टवर फार वेळा गमावलाय तसा.

एकदा मी वैतागून विचारलं होतं, रिंगखाली इतकी गर्दी का असते इथे? तुम्ही हसलात. मुलींच्या व्यावसायिक लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएत, डिफेंडरला कुणाला गार्ड न करता रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजमध्ये ती अट नाही. तीन सेकंदांचं बंधन फक्त अटॅक करणाऱ्यांवर. त्यामुळे कॉलेजमध्ये समोरच्या संघाने 2-3 झोन (दोघी पुढे, तिघी मागे, प्रत्येकीने आपली जागा सांभाळायची) लावला की दोन-तीन मुली रिंगखाली बिऱ्हाड करून बसतात. त्यांना उठवायचं तर बॉल झोनच्या पोटात, फ्री थ्रो लाइनच्या मध्यावर गेला पाहिजे. तिथे बॉल घेणारीला शॉट येत असेल आणि पास येत नसेल तर झोन एक पाऊल पुढे येतो, बस. पास येत असेल तर मागच्या मुलीला ठरवावं लागतं : हिच्यावर जाऊ की माझ्या पाठीमागे दबा धरलेलीला सांभाळू? तिने ठरवायला घेतलेला अर्धा सेकंद, तोच खरा बास्केट. तुम्ही हे पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं होतंत. तो नॅपकिन कुठे गेला कोण जाणे, बहुतेक आइस्क्रीम पुसलं.

आणि स्प्रिंगफिल्डची सहल! डिसेंबर 1891 मध्ये नेस्मिथसाहेबांनी हा खेळ जिथे जन्माला घातला ते गाव आपल्यापासून अर्ध्या तासावर. हॉल ऑफ फेम बघून झाल्यावर माझे पाय दुखत होते, तरी तुम्ही गाडी आणखी उत्तरेला नॉर्थॅम्प्टनला नेलीत, स्मिथ कॉलेज दाखवायला. मुलींच्या कॉलेजमधली पहिली मॅच तिथे मार्च 1893 मध्ये झाली. सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने मुलींसाठी नियम बदलले होते. पुरुषांना बघायला परवानगी नव्हती, म्हणजे काका, तुम्हाला दारातच अडवलं असतं. कोर्टाचे तीन भाग पाडले होते, आपला भाग ओलांडायचा नाही. बॉल तीन सेकंदांहून जास्त धरायचा नाही, तीनहून जास्त वेळा आपटायचा नाही.

आवारात थंडीने कुडकुडत मी म्हटलं, हे नियम मुलींना नाजूक समजून केलेले. तुम्ही म्हणालात, "असतील. पण मधल्या भागातल्या मुलींचं काय झालं बघ. रिंग लांब, पुढे जाता येत नाही. सेंटरचं काम काय उरलं?"

पास. मधे उभं राहायचं, मागून आलेला बॉल घ्यायचा आणि पुढे पोचवायचा. नंतर आपण सेंटर हा शब्द उचलला, रिंगखाली नेऊन ठेवला आणि त्याचं मूळचं काम विसरून गेलो. हा तुमचा सिद्धांत इतिहासकारांना कितपत पटेल मला माहीत नाही. मला पटला. त्या बाकावर बसून काढलेल्या मॅचबद्दल इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वाटलं, मी चुकले नव्हते.

8 एप्रिल 2014 ची रात्र तर मी लेकीला गोष्टीसारखी सांगते. कॉलेजांची फायनल नॅशव्हिलला, आपण तुमच्या बेसमेंटमध्ये, लेक नऊ महिन्यांची माझ्या मांडीवर. युकॉन आणि नोत्र दाम, दोघीही त्या दिवसापर्यंत एकही मॅच न हरलेल्या. सगळे उत्साहात होते, तुम्ही मात्र जरा उदास. नोत्र दामची नॅटली अचोन्वा आठवड्यापूर्वी बेलरविरुद्ध गुडघा दुखावून बसली होती. प्रशिक्षक मफेट मॅकग्रॉ यांचा हा संघ तिला एल्बोवर बॉल देऊन भोवती पळायचा. "अख्खं घड्याळ आहे, काट्यांची मधली खीळ नाही," असं काहीसं तुम्ही पुटपुटलात. घरच्या संघाच्या फायद्याची गोष्ट आणि हा माणूस हळहळतोय, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

युकॉनने 79–58 ने जिंकलं, सीझन 40–0. ब्रियाना स्टुअर्टचे 21 पॉइंट. डॉल्सनचे 17 पॉइंट, 16 रिबाउंड (हुकलेले शॉट पकडलेले) आणि सात असिस्ट (ज्यांवर लगेच बास्केट झाला असे पास). सेंटरचे सात असिस्ट, फायनलमध्ये! तुम्ही कॅलेंडरच्या मागे रेघा मारत बसला होतात, कारण तुमचा हिशेब वेगळाच. असिस्ट फक्त शेवटच्या पासचा मोजतात. त्याच्या आधीचा पास, ज्याने डिफेन्स एका बाजूला खेचला जातो, तो कुठल्याच कागदावर येत नाही. तुमच्या कॅलेंडरवर यायचा. तो कागद मी मागितला तर म्हणालात, मागे दूधवाल्याचा हिशेब आहे. अमेरिकेत कसला दूधवाला, काका?

आपलं भांडणही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र खोटं वाटेल. आयोवा युनिव्हर्सिटीची मेगन गस्टफसन. 2018-19 मध्ये देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली, शॉटपैकी जवळजवळ 70 टक्के आत. मी म्हटलं, बघा, हिला पास द्यायची गरजच काय? बॉल आला की टाक, माझे सर हेच सांगत होते. तुम्ही दोन आठवडे मला गस्टफसनचे व्हिडिओ पाठवत राहिलात, तिने दुहेरी पहाऱ्यातून बॉल बाहेर दिल्याचे. मला अजूनही वाटतं की त्या वादात मी बरोबर होते. इतक्या सफाईने टाकणारी असेल तर तिला टाकू द्यावं. पण तिच्या सरांनी बाहेर पास दिला म्हणून तिला बाकावर बसवलं नसतं, एवढं मी कबूल करते.

आता माझ्या लेकीबद्दल, म्हणजे तुमच्या नातीबद्दल. ती स्वतःला तुमची नातच समजते. बारा वर्षांची, पाच फूट सात, अजून थांबायचं नाव नाही. गावातल्या टीममध्ये अर्थातच रिंगखाली. गेल्या वर्षी दोघींनी घेरलं की रडकुंडीला यायची. मी ओरडायला तोंड उघडलं आणि जीभ चावली, माझ्या सरांचंच वाक्य बाहेर पडणार होतं. मग घराच्या ड्राइव्हवेवर आम्ही तुमचा खेळ सुरू केला : मी पाठीमागे उभी राहून बोटं वर करायची, तिने बॉल यायच्या आधी मान वळवून किती बोटं ते सांगायचं, मग पकडायचा. पहिल्या दिवशी बॉल तीनदा नाकावर आला. शेजारच्या आजीबाई खिडकीतून बघत होत्या, त्यांना वाटलं असेल मी मुलीला शिक्षा करतेय.

आणि सारा स्ट्राँग! 2025 च्या फायनलमध्ये युकॉनने साउथ कॅरोलिनाला 82–59 ने हरवलं, नऊ वर्षांनी विजेतेपद परत आलं. पहिल्याच वर्षाची ही फॉरवर्ड, 24 पॉइंट, 15 रिबाउंड. तुम्ही तिकडे मध्यरात्री जागून बघितलंत आणि फोन केलात. पॉइंटबद्दल एक शब्द नाही, रिबाउंडबद्दलही नाही. "एल्बोवर वळताना तिचं डोकं कुठे होतं बघितलंस का?" बघितलं होतं. लेकीने माझ्याआधी बघितलं होतं.

आभार कशाकशाचे मानू? चहाचे, पेट्रोलचे (एकदाही पैसे घेतले नाहीत), नॅपकिनचे. पण खरं म्हणजे त्या एका पासचे, सांगलीतल्या. तुम्ही तो कधी बघितला नाहीत, तरी तो तुमच्यामुळे मला परत मिळाला. त्या मैत्रिणीलाही परवा फोन केला. तिला तो शॉट आठवतच नाही म्हणाली. मला मात्र तिचे पायसुद्धा आठवतात.

सोबत एक व्हिडिओ पाठवतेय, शनिवारच्या मॅचचा. हात हललाय, आवाज माझाच आहे, तो बंद करून बघा. दुसऱ्या मिनिटाच्या आसपास निळ्या जर्सीतली 14 नंबर. शॉट शेवटी हुकतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

थर्मास अजून माझ्याकडेच आहे. जानेवारीत येतोय, तेव्हा आणते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
शेजारच्या खुर्चीतली सेंटर