हसलो म्हणून वेळा बदलल्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मला मागच्या वर्षी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंपण. सुरुवातीला दोनच शब्द यायचे, एक "नाही" आणि दुसरा तुम्हाला छापता येणार नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या की असं होतं, वाक्य जुळवता येत नाही पण शिवी आणि एक-दोन-तीन आपोआप बाहेर पडतं. 1861 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरकडे आलेला एक पेशंट फक्त "टॅन" एवढंच बोलायचा म्हणे. झालं, तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये माझं नाव टॅन.

ग्रुप म्हणजे आम्ही थेरपी हॉलमधले चौघं. एकांना डावी बाजू दिसत असून जाणवत नाही, ताटातलं उजवीकडचंच जेवतात, दाढी पण अर्धीच. एकदा मी कसंबसं विचारलं, "उरलेली... उद्या?" तर तेच सगळ्यात जास्त हसले आणि मग हात फिरवून डावा गाल शोधला. घरच्यांनी हेच शंभरदा सांगितलं होतं, तेव्हा नुसती भांडणं व्हायची.

मेंदूला नवीन वाट पाडायची तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि ते भयंकर कंटाळवाणं असतं हो. मी व्यायामाच्या फळीच्या भोकांत खुंट्या लावताना दहाला थांबायचो. मग शेजारचा मोजायला बसला, "सात, आठ, आठ, आठ..." मी शिव्या घालत वीस लावल्या (शिव्या येतातच मला). एकाला मनात काही नसताना हसू नाहीतर रडू फुटतं, ते आजारामुळेच, त्यावर मात्र कुणी जोक करत नाही, थांबेपर्यंत गप्प बसतो.

आता कुणा नातेवाईकाने तक्रार केली की इथे पेशंट खिदळतात, आणि आमच्या चौघांच्या वेळा वेगळ्या करून टाकल्या. त्यांचा पेशंट नवीन आहे, त्यांना ते बोचलं असेल, मान्य. पण मग दार लावा ना, माणसं कशाला तोडता? सगळ्याच सेंटरवाल्यांना विनंती, आठवड्यातून दोन तास तरी पेशंटना एकत्र बसवा.

पत्र डाव्या हाताच्या एका बोटाने चार दिवस टाईप करतोय, लांबलं असेल तर सांभाळून घ्या, मोजणारा आता सकाळच्या बॅचला असतो.

आपला,
टॅन