खात्यावरील ६१० हिऱ्यांचा हिशेब मिळण्याबाबत

कराड, जि. सातारा
दिनांक : ५ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल गेम कंपनी, भारतातील कार्यालय

विषय : खरेदी केलेल्या आभासी चलनाचे मूल्य एकतर्फी घटवल्याबाबत व वस्तूंची रुपयांतील किंमत न दाखवल्याबाबत.

संदर्भ : ॲपमधून केलेली माझी दि. ४ नोव्हेंबर २०२५ ची तक्रार आणि आपले दि. ६ नोव्हेंबरचे उत्तर.

महोदय,

आपल्या कंपनीचा शेतीचा खेळ मी जून २०२४ पासून खेळत आहे. एका सहकारी पतसंस्थेत ३१ वर्षे हिशेब लिहून मी निवृत्त झाले. माझी ९ वर्षांची नात पुण्याला असते आणि आम्ही दोघी रोज संध्याकाळी या खेळात एकमेकींच्या गावात जातो, तिने पेरलेल्याला मी पाणी घालते, माझ्या कोंबड्यांना ती दाणे टाकते. खेळाबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते आपण माझ्याकडून घेतलेल्या पैशांच्या हिशेबाबद्दल.

जून २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात मी यूपीआयने १३ वेळा हिरे, म्हणजे या खेळातले आभासी चलन, विकत घेतले : ८९ रुपयांचा ८० हिऱ्यांचा संच सहा वेळा, ४४९ रुपयांचा ४२० हिऱ्यांचा पाच वेळा आणि ८९९ रुपयांचा ८८० हिऱ्यांचा दोन वेळा. म्हणजे एकूण ४,५७७ रुपये देऊन ४,३४० हिरे घेतले. त्यांपैकी २,७४५ हिरे पेट्या उघडण्याच्या ६१ चाव्यांवर गेले आणि ९८५ हिरे पीक लवकर तयार करून घेण्यात गेले. (उसाच्या बिलासाठी कारखान्याकडे डोळे लावून बसण्यात ज्या घराची वर्षे गेली, त्याच घरातल्या बाईने मोबाइलमधले पीक लवकर यावे म्हणून पैसे मोजावेत, याचे माझे मलाच हसू येते.) उरलेले ६१० हिरे ‘खरेदी केलेले’ या रकान्यात शिल्लक होते. बक्षीस म्हणून मिळणारे हिरे आपण वेगळ्या रकान्यात दाखवता, ते मी या हिशेबात धरलेले नाहीत.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी ॲप अद्ययावत झाले तेव्हा हिरे बंद होऊन त्यांच्या जागी चंद्रमणी आले. दहा हिऱ्यांना एक चंद्रमणी या दराने माझ्या ६१० चे ६१ झाले. एक शून्य गेले, मूल्य तेच राहिले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. मात्र त्याच दिवशी ४५ हिऱ्यांना मिळणारी चावी सहा चंद्रमण्यांची, म्हणजे जुन्या मापाने ६० हिऱ्यांची झाली. जुन्या भावाने माझ्या शिल्लकेत १३ चाव्या येत होत्या, आता १० येतात. शिवाय जुन्या हिऱ्यांतून आलेले चंद्रमणी ३१ जानेवारी २०२६ पर्यंत न वापरल्यास आपोआप बाद होतील, अशी सूचना नवे ॲप उघडल्यावरच प्रथम दिसली. हिरे घेताना कोणतीही मुदत सांगितलेली नव्हती.

४ नोव्हेंबरला मी हा सर्व हिशेब लिहून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले ते असे, की आपल्या पाल्याने परवानगीशिवाय खरेदी केली असल्यास फोनमध्ये पालक नियंत्रण सुरू करावे. माझ्या पत्रात पाल्याचा उल्लेखही नव्हता. १३ ही वेळा यूपीआयचा पिन मी स्वतः टाकला आहे आणि माझ्या नातीने एक पैसाही खर्च केलेला नाही. हिशेबाच्या प्रश्नाला मुलांचे नाव पुढे करून उत्तर टाळले जाऊ नये, एवढी विनंती या निमित्ताने करते. त्यानंतर मी दोनदा स्मरणपत्र पाठवले आणि दोन्ही वेळा तेच उत्तर शब्दशः परत आले.

आता किमतीबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते मूळ दुखणे तेथे आहे. आपल्या खेळातल्या कोणत्याही वस्तूवर रुपयांतील किंमत लिहिलेली नाही. रुपयांचे हिरे होतात, हिऱ्यांच्या चाव्या होतात आणि चावीने उघडलेल्या पेटीत काय निघेल ते ठरलेले नसते. ॲप स्टोअरची पावती हिऱ्यांपाशी संपते आणि पुढचा खर्च फक्त खेळात दिसतो, तोही मागील ३० दिवसांचाच. मी वही ठेवली नसती तर हे पत्र लिहिताच आले नसते. वहीवरून सांगते, की एका चावीची किंमत लहान संच घेतल्यास सुमारे ५० रुपये आणि मोठा संच घेतल्यास सुमारे ४६ रुपये पडत होती. ही आकडेमोड प्रत्येक ग्राहकाने कागद-पेन्सिल घेऊन करावी, अशी आपली अपेक्षा आहे काय?

संचांचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. चावी ४५ हिऱ्यांची असताना ८० च्या संचात एक चावी येऊन ३५ हिरे उरतात, ४२० मध्ये नऊ चाव्या येऊन १५ उरतात आणि ८८० मध्ये १९ येऊन २५ उरतात. एकही संच पुरता संपत नाही. प्रत्येक वेळी थोडे काही मागे राहते आणि ते वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढचा संच घेतो, मीही घेतला. किराणा दुकानदार सुट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो तेव्हा निदान ते चॉकलेट खाता तरी येते.

पेटीतल्या ‘सोनेरी वाड्या’ची शक्यता एक टक्का असल्याचे आपण एका बारीक खुणेमागे लिहिले आहे. मला ६१ चाव्यांत तो वाडा मिळाला नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ६१ वेळा प्रयत्न करूनही तो न मिळण्याची शक्यता सुमारे ५४ टक्के असते, हे मला समजते. पण एका वाड्यामागे सरासरी शंभर चाव्या, म्हणजे माझ्या खरेदीच्या दराने सुमारे ४,७४६ रुपये लागतात, हे आपण कोठेही सांगत नाही.

‘फक्त आज, दोन तास शिल्लक’ असे उलटे मोजणारे घड्याळ मी सलग नऊ दिवस पाहिले आणि दहाव्या दिवशी वहीत नोंदवणे थांबवले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या मांडणी दिल्या आहेत. खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतलाच एक प्रकार आहे.

आपल्या अटींमध्ये आभासी चलन ही ग्राहकाची मालमत्ता नसून केवळ वापराचा परवाना आहे, असे म्हटले आहे. आमच्या पतसंस्थेत ठेवीदाराची रक्कम नेहमी देणे म्हणूनच लिहिली जात असे आणि व्यवस्थापनाने सूचना फलकावर कागद लावून ती कमी केल्याचे माझ्या ३१ वर्षांत कधी घडले नाही. मी आगाऊ पैसे दिले आहेत आणि त्या बदल्यातली सेवा आपण अद्याप दिलेली नाही, म्हणून ही शिल्लक आपल्याकडील माझे येणे आहे. जपानमध्ये तर असे आगाऊ विकलेले खेळाचे चलन प्रीपेड साधन मानले जाते. तेथे न वापरलेली शिल्लक एक कोटी येनच्या वर गेली की तिच्या किमान निम्मी रक्कम अनामत ठेवावी लागते आणि चलन बंद केल्यास शिल्लक परत करावी लागते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाच्या प्रकरणात दोन कोटी डॉलरच्या दंडासह आभासी चलनाचा खऱ्या पैशांतला दर दाखवण्याची अट घातली, आणि युरोपीय संघातील ग्राहक यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये वस्तूची किंमत खऱ्या चलनातही स्पष्ट दिसावी, हेच सांगितले. तिकडच्या ग्राहकाला जे दाखवता येते ते कराडच्या ग्राहकालाही दाखवता यावे.

ऑनलाइन खेळांसंबंधीचा २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. माझी तक्रार त्याखाली नसून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि ई-कॉमर्स नियम, २०२० यांखाली आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व महिन्याभरात तिचे निवारण करणे या नियमांनुसार आवश्यक आहे, आणि तो महिना ४ डिसेंबरलाच संपला आहे.

तरी माझ्या शिल्लकेतील १३ चाव्यांचे मूल्य पूर्ववत करून त्यावरील मुदत काढून टाकावी, अथवा खरेदीच्या सरासरी दराने ६४३ रुपये माझ्या बँक खात्यात परत करावेत. जून २०२४ पासूनचा माझ्या खात्याचा संपूर्ण उतारा द्यावा, आणि यापुढे चावीसमोर रुपयांतील किंमत लिहावी. रक्कम लहान आहे हे मला कळते. पण आमच्याकडे रोजमेळात ११ रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे.

२० जानेवारी २०२६ पर्यंत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून सातारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. १३ पावत्या, वहीतील पानांच्या छायाप्रती आणि नऊ दिवसांच्या घड्याळाचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक आपल्याकडील नोंदणीकृत खात्याप्रमाणे)