आदर आहे, पण वाचवत नाही

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचायलाच हव्यात अशा मराठी कादंबऱ्यांची यादी दिलीत, ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फिरली आणि खाली सगळ्यांचे अंगठे, 'अप्रतिम', 'माझी ऑल टाइम फेव्हरेट' वगैरे. मी पण अंगठा दिला. मग रात्री भांडी लावताना वाटलं, अगं बाई, ह्यातल्या निम्म्या तर तू दातओठ खाऊन संपवल्यास.

आता 'कोसला' घ्या. भालचंद्र नेमाड्यांची 1963 ची कादंबरी. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, मनात येईल तसं बोलत सुटतो, आणि छापील मराठीला असं बोलायची मुभा ज्यांनी मिळवून दिली त्यात हे पुस्तक पहिल्या रांगेत, ह्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. पण ते हॉस्टेल, ती मेस, ती पोरं, तो कंटाळा इतका हुबेहूब उतरलाय की मलाही येतो. म्हणजे लेखक जिंकला म्हणायचं, माझी जांभई काही थांबत नाही. आणि मग मनी जाते, त्याची लहान बहीण, देवी येऊन. ती पानं मी स्लो लोकलमध्ये वाचत होते, ठाणं आलं तरी उठले नाही, कळव्याला उतरून परत आले. असं लिहिणाऱ्या माणसाला कंटाळवाणा कुठल्या तोंडाने म्हणू? पण पुन्हा पहिल्यापासून वाच म्हणालात तर नाही वाचणार.

हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' तर ह्याच्या वरताण. आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलं (संग्रहालय 1893 चं, पुस्तकही 1893 चं, जुळी भावंडंच). साठेक पानांवर एक टीएमटी बसचं तिकीट निघालं, मागे लिहिलेलं, साबुदाणा, पाव किलो दाणे, गॅसवाला. अक्षर माझं! म्हणजे हे आधी आणून त्याच पानावर सोडलेलं, आणि मला पत्ता नाही. ह्या वेळी हट्टाने पुरं केलं. संमतीवयाचा कायदा 1891 चा, मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा करण्यावरून पुण्यात रान पेटलेलं, आणि त्याच दिवसांत हा पुरुष एका यमूच्या तोंडून तिचंच आयुष्य सांगतोय, माजघरात बायका जशा बोलतात तशा भाषेत. शेवटी तिचं केशवपन करतात ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उगाचच आईला फोन लावला. पण तिथे पोचेपर्यंत किती रडारड, किती 'वाचकहो', एकच गोष्ट किती वेळा! माझा अंदाज असा की 'करमणूक' साप्ताहिकात हे हप्त्याहप्त्याने यायचं, मागचं विसरलेल्याला आठवण करून द्यावी लागायची, आणि आम्ही तेच एका दमात गिळायला बसतो. रोज एक सिरियल बघावी तसं वाचलं असतं तर कदाचित इतकं जड गेलं नसतं.

हे मी वाचनकट्ट्यावर बोलले तर एक काका म्हणाले, ताई, तुम्हाला ती कादंबरी झेपली नाही. झेपली हो काका. आवडली नाही. आमच्याकडे ह्या दोन गोष्टींत फरकच करत नाहीत, कारल्याची भाजी औषधी आहे हे मान्य करून मी ताटात बाजूला सारते तेव्हा कोणी म्हणत नाही की तुला कारलं कळलं नाही. आणि जुनं म्हणून नावडतं असंही नाही, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' 1939 चं, बहुतेक सगळं बोटीवरच घडतं, तीनदा वाचलंय.

मुलगी म्हणते, आई, आवडत नाही तर सोड ना. सोडवतही नाही, तीच पंचाईत. नेमाड्यांचीच 'हिंदू' कादंबरी उशाशी आहे, त्यात सध्या लाइटबिलाची खूण घातलीय.

एक विनंती. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा ती करणाऱ्यांनी प्रत्येक पुस्तक कितव्या पानावर पहिल्यांदा खाली ठेवलं, तेवढं कंसात द्या.

आपली,
एक वाचक, चरई, ठाणे (प.)