रंग मागितला नव्हता, पिस्तूल मागितले होते

दि. ९ जून २०२५
सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग

विषय : १० मीटर एअर पिस्तुलाची चुकीची ग्रिप (मूठ), हवेची गळती आणि जुना सिलिंडर याबाबत तक्रार

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या एअर पिस्तुलाबद्दल आपल्या माणसांशी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच बोलून झाले. दर वेळी नवीन माणूस फोन घेतो आणि मला पुन्हा ‘श्री गणेशा’पासून सुरुवात करावी लागते. म्हणून आता सगळे एकदाच कागदावर मांडते. बिलाची प्रत, हमीपत्र आणि फोटो सोबत जोडले आहेत.

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि शाळा सुटल्यावर क्लबच्या रेंजवर सराव करते. ऐन चाळिशीत हा नाद लागला. रेंजवरची पोरे मला मॅडम म्हणतात आणि स्कोअर माझ्यापेक्षा चांगला करतात, तो भाग वेगळा. इतके दिवस क्लबच्या पिस्तुलावर भागवले. पण क्लबचे पिस्तूल चार हातांतून फिरणार, जो तो आपल्या डोळ्याप्रमाणे साईटचे, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचे, स्क्रू फिरवणार आणि पुढच्याने पहिला अर्धा तास ते परत जागेवर आणण्यात घालवायचा. राज्य स्पर्धेत नीट उतरायचे तर स्वतःचे पिस्तूल हवे, म्हणून शिक्षक सोसायटीचे कर्ज काढून पावणेदोन लाख रुपये आपल्या खात्यात भरले. ही रक्कम सांगते आहे ती सहानुभूतीसाठी नव्हे. आपल्या प्रतिनिधीने ‘मॅडम, छोट्या-मोठ्या गोष्टी असतातच’ असे मला ऐकवले, म्हणून.

माझी मागणी ई-मेलने लेखी दिलेली आहे आणि ती अगदी साधी होती. ट्रिगर मेकॅनिकल हवा, बॅटरीवरचा नको. ग्रिप उजव्या हाताची, स्मॉल. रंग कोणताही चालेल. ग्रिपबाबत घोळ नको म्हणून आपल्याच सूचनेप्रमाणे तळहात कागदावर ठेवून, पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढली, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप त्यावर लिहिले आणि तो कागद स्कॅन करून पाठवला. ‘मिळाला, स्मॉलच बसेल’ असे आपले उत्तरही माझ्याकडे आहे.

मग आपला फोन आला. ‘मॅडम, तुमचं नशीब! निळ्या रंगातला शेवटचा पीस आहे, लगेच पाठवतो.’ जो रंग कोणताही चालेल म्हणून सांगितले होते, नेमक्या त्याच्याच बाबतीत आपण एवढी तत्परता दाखवली. वर बिलात ‘विशेष रंग’ म्हणून वेगळे पैसेही लावले. हे मला पिस्तूल हातात आल्यावर बिल वाचताना कळले.

पिस्तूल दिसायला देखणे आहे, यात वाद नाही. निळा सिलिंडर, करडी बॉडी, अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप. पेटी उघडली तेव्हा रेंजवरची पोरे भोवती जमली आणि फोटो काढत बसली. पिस्तूल देखणे असू नये असे माझे म्हणणे नाही. आवडीची वस्तू माणूस जास्त वेळा हातात घेतो आणि सराव त्यानेच वाढतो. पण २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कीचा नेमबाज युसुफ डिकेच याने साधा चश्मा आणि टी-शर्ट घालून, एक हात खिशात ठेवून मिश्र दुहेरीत रौप्यपदक नेले, ते सगळ्या जगाने पाहिले. नेमबाजीत रूपाचा नंबर शेवटचा. आधी भरवसा, मग हातात बसणे, मग रूप. आपण माझ्या बाबतीत हा क्रम बरोबर उलटा लावला.

आता ग्रिपबद्दल. आली ती मीडियम. आतल्या बाजूला शिक्का आहे, फोटो क्रमांक १ पाहावा. आपले लोक म्हणाले, ‘एका साइजने काय होतं?’ काय होते ते सांगते. पिस्तूल हातात बसले की नाही हे पाहण्याची रेंजवरची पद्धत अशी : उभे राहायचे, पिस्तूल खाली धरायचे, डोळे मिटायचे, हात नेहमीसारखा वर आणायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि मग डोळे उघडायचे. ग्रिप मापाची असेल तर पुढची साईट मागच्या खाचेच्या बरोबर मधोमध दिसते, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. माझ्याच क्लबमधल्या एका मुलीकडे हेच मॉडेल स्मॉल ग्रिपचे आहे. ते घेऊन मी तसे केले, साईट मधोमध. आपल्या पिस्तुलाने केले की पुढची साईट डावीकडे चिकटलेली दिसते आणि उजव्या बाजूला उजेडाची जाड फट राहते. मग मनगट वळवून ती मधोमध आणावी लागते. एक-दोन नेमांना ते जमते. पण स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात, तेही जवळपास एक किलोचे पिस्तूल एकाच हाताने, दुसऱ्या हाताचा आधार न घेता, दर वेळी पुन्हा उचलून. विसाव्या नेमानंतर मनगट आपले म्हणणे सोडते आणि पिस्तूल परत डावीकडे जाते. तळहाताच्या खालच्या भागात आणि लाकडात माझी करंगळी जाईल एवढी पोकळी आहे. तळहाताखालची पट्टी पूर्ण वर घेतली तरी ती पोकळी भरत नाही.

यावर आपल्या तंत्रज्ञाने दिलेला सल्ला मी शब्दशः लिहून ठेवला आहे : ‘एम-सील भरा, सगळे तेच करतात.’ करतात, मला माहीत आहे. कानस घेऊन लाकूड घासणारे आणि एम-सीलचे गोळे थापणारे नेमबाज मीही रोज पाहते. पण ते मुळात जवळपास मापाच्या ग्रिपवर शेवटचा हात फिरवत असतात. शिवाय आपल्याच हमीपत्रात लिहिले आहे की ग्रिपमध्ये कोणताही बदल केल्यास हमी संपुष्टात येईल. म्हणजे सल्ला ऐकला तर हमी गेली आणि नाही ऐकला तर सराव गेला. त्यातून ग्रिपला स्पर्धेच्या नियमांची चौकट आहे. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या तपासणीच्या पेटीत बसले पाहिजे, तळहाताखालची पट्टी वरच्या बाजूला वळलेली चालत नाही. हे सगळे घरी थापाथापी करून सांभाळायचे कोणी?

ग्रिप एक वेळ बदलता येईल. हवेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण छरा सुटतो तो सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर.

सिलिंडर २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचे माप) भरून रात्री पिस्तुलाला लावून ठेवला तर सकाळी काटा १२० च्या आसपास येतो, आणि तेही एकही छरा न मारता. सुरुवातीला आपल्याकडून ‘नवीन आहे, वापरून बसेल’ असे उत्तर आले. ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, वापरून बसत नाही, झिजते, एवढे मलाही कळते. म्हणून सिलिंडर जिथे बॉडीत फिरवून बसवतात त्या सांध्यावर ब्रशने साबणाचे पाणी लावून पाहिले. एकाच जागी, मागच्या अंगाला, बारीक बुडबुडे एकामागून एक येत राहतात. व्हिडिओ आपल्याला पाठवला आहे. त्यावर ‘पिस्तुलाला पाणी लावू नका’ असे उत्तर आले. बुडबुड्यांबद्दल अवाक्षर नाही.

गळतीचा निशाण्यावर काय परिणाम होतो, हे आपल्या विक्री विभागाला कळावे म्हणून थोडे खुलासेवार लिहिते. छऱ्यामागचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, म्हणजे रेग्युलेटर, दाब सांभाळून घेतो तोवर छरे एका जागी पडतात. सिलिंडरमधला दाब मर्यादेखाली गेला की छऱ्याचा वेग पडतो आणि तो सहा वाजता, म्हणजे सरळ खाली, उतरू लागतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे. सोबतचा कागदी टार्गेट पाहावा : सुरुवातीचे छरे नऊ-दहामध्ये, एकमेकांना चिकटून, पुढचे हळूहळू खाली घसरत सातपर्यंत गेलेले. डावी-उजवीकडे फारसे पसरलेले नाहीत, हेही पाहावे. नेमबाजाचा हात हलला तर छरे असे एका रेषेत उतरत नाहीत.

मी मेकॅनिकल ट्रिगरचा आग्रह धरला तो याच भरवशासाठी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेले नेम घाईने मारावे लागले आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्या आणि माझ्या नेमबाजीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण तिच्यासोबत संघ होता, प्रशिक्षक होते, राखीव पिस्तूल होते. आमच्यासारख्यांकडे एकच पिस्तूल, आणि दुरुस्ती करणारा सगळ्यात जवळचा माणूस दुसऱ्या शहरात. पावसाळ्यातली दमट हवा, रेंजच्या पत्र्याखालचा उन्हाळा, एसटीच्या डिकीतला प्रवास, हे सगळे त्याने सोसले पाहिजे. जाता जाता सांगते, या पिस्तुलाचा ट्रिगर खरोखर उत्तम आहे. पहिला टप्पा संपला की बोटाला थांबा स्पष्ट कळतो आणि नंतर नकळत सुटतो. तपासणीत ट्रिगरला अडकवून उचलतात ते ५०० ग्रॅमचे वजनही त्याने पहिल्याच खेपेला उचलले. म्हणूनच मला हे मॉडेल बदलायचे नाही, हा नग बदलायचा आहे.

आता या नगाबद्दल. सिलिंडरवर निर्मितीचा शिक्का २०१९ चा आहे. या सिलिंडरांची मुदत १० वर्षे. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ती पाहण्याची जबाबदारी नियमाने नेमबाजावर टाकलेली आहे. म्हणजे बिलावर ‘नवीन’ लिहिलेल्या वस्तूचे निम्म्याहून जास्त आयुष्य आपल्या कपाटात सरले. ‘शेवटचा पीस’ या शब्दांचा अर्थ मला तेव्हा उमगला. ग्रिपच्या खालच्या कडेला पॉलिश उडालेले आहे, पेटीतल्या स्पंजवर दुसऱ्याच आकाराच्या ग्रिपचा ठसा आहे आणि साईटच्या स्क्रूला पेचकस लागल्याच्या खुणा आहेत. हे पिस्तूल काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याने हाताळलेले होते, असाच माझा समज झाला आहे. तसे नसेल तर माल आपल्याकडे कधी आला याची नोंद आपल्याजवळ असणारच. ती दाखवावी.

आपल्या दालनात पिस्तूल हातात घेऊन पाहू देत नाहीत, हीसुद्धा माझी तक्रार आहे. ‘स्क्रॅच पडतात’ असे कारण मला सांगण्यात आले. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि ड्राय फायरला, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून नेम धरून पाहायला, ना छरा लागतो ना हवा. भिंतीवर एक पांढरा कागद चिकटवा, ग्राहकाला दोन मिनिटे हात उचलू द्या, स्मॉल, मीडियम आणि लार्ज अशी एकेक ग्रिप नमुन्याला ठेवा. चपलेच्या दुकानातही पाय घालून पाहू देतात हो!

माझे म्हणणे असे. उजव्या हाताची स्मॉल ग्रिप विनामूल्य द्यावी आणि मीडियम परत न्यावी. सिलिंडर चालू किंवा गेल्या वर्षीच्या निर्मितीचा द्यावा, रंग कोणताही. गळती हमीखाली दुरुस्त करून, २०० बारला भरलेला सिलिंडर २४ तास लावून ठेवल्याचा काट्याचा फोटो आधी व नंतर असा पाठवावा. हे जमत नसेल तर सबंध पिस्तूल बदलून द्यावे. ‘विशेष रंग’ म्हणून घेतलेले पैसे कोणत्याही परिस्थितीत परत करावेत, ते मी मागितलेच नव्हते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. फोन नको. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, त्यामुळे ‘तुम्हाला आमच्या शहरात यावं लागेल’ हे आपल्या प्रतिनिधीचे म्हणणे तिथे चालणार नाही.

दुरुस्तीसाठी पिस्तूल न्यायला माणूस पाठवावा किंवा कुरियरचा खर्च आधी भरावा. सिलिंडर मी पूर्ण रिकामा करून, बॉडीपासून सोडवून, वेगळा गुंडाळून देईन. भरलेला सिलिंडर कुरियरने पाठवा असे कृपया पुन्हा कोणाला सांगू नका. ग्रिप मात्र आधी पाठवावी. पिस्तूल आपल्याकडे असेल तेवढे दिवस मी तीच ग्रिप क्लबमधल्या त्या मुलीच्या पिस्तुलाला लावून सराव करणार आहे, तिने हो म्हटले आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी बिलाप्रमाणे)

सोबत : बिल व हमीपत्राची प्रत, ई-मेलची प्रत, तळहाताचे रेखाटन, ग्रिप व सिलिंडरवरील शिक्क्यांचे फोटो, मूळ टार्गेट