सगळ्यात मागे कोण चालतंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या पेपरात कुठल्या गडावर किती गर्दी झाली, कोण घसरलं, कोण हरवलं याच्या बातम्या सुरू होतात आणि पाठोपाठ वाचकांची पत्रं येतात की पोरांना ट्रेकला पाठवूच नका. मी चर्चच्या युवक संघाबरोबर पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय. मी म्हणतो पाठवा, जरूर पाठवा, फक्त पाठवताना एवढं विचारा की तुमच्यात सगळ्यात मागे कोण चालणार आहे. हे मी हरिश्चंद्रगडावर शिकलो आणि माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो.

ऑगस्ट महिना, आम्ही बावीस जण. पाचनईहून वाट सोपी आहे पण आम्ही नेहमीप्रमाणे खुबी फाट्याला उतरलो, धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठलं आणि चढायला लागलो. तोलार खिंडीत वाघाचं शिल्प आहे तिथे मोजणी केली, बावीस भरले. त्यानंतर रेलिंग लावलेला कातळ आणि वर ते पठार, एक टेकडी संपली की दुसरी, कारवीतून जाणारी वाट, आणि धुकं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. मी पुढे होतो. लीड करायचं म्हणजे पुढे राहायचं एवढंच मला तेव्हा कळायचं, माझ्या मागे चारपाच दणकट पोरं होती, त्यांच्या नादात मी असा सुटलो की हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचून मोजलं तर एकवीस.

नव्हता तो एकोणीस वर्षांचा मुलगा, मुळात कमी बोलणारा. आम्ही पाचसहा जण उलटे पळालो आणि सगळ्यांनी एकदम त्याच्या नावानं ओरडायला सुरुवात केली. वर ज्यांच्याकडे आम्ही जेवण सांगितलं होतं ते मामा आमच्या मागून आले आणि पहिल्यांदा त्यांनी आम्हाला गप्प केलं. म्हणाले, "समदे वरडताय, मंग त्याचा आवाज कोण ऐकंल? एकानं हाळी द्या आन् मंग थांबा." मग त्यांनीच हाळी दिली आणि कान देऊन उभे राहिले. पुन्हा थोडं पुढे जाऊन हाळी, पुन्हा थांबले. संपादक साहेब, मी लहानपणापासून प्रार्थना करत आलोय पण बोलून झाल्यावर गप्प उभं राहायचं असतं हे मला त्या धुक्यात कळलं. चौथ्या की पाचव्या हाळीला खालच्या बाजूनं बारीक ओ आली.

तो वाटेपासून फार लांब नव्हता. बुटाचा सोल पुढून पूर्ण सुटला होता, बॅगेच्या सुतळीनं बांधायला खाली बसला, तेवढ्यात सगळे पुढे गेले आणि उठून चालायला लागला तो भलत्याच ढोरवाटेनं. भिजून पार गारठला होता. मी म्हणलं अरे हाक का नाही मारलीस, तर म्हणाला, "तुम्ही सगळे जोरात चालला होता, माझ्यामुळे कशाला थांबवायचं." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही, कारण त्याआधी बारावीत नापास झाल्यावर तीनेक महिने तो चर्चला आला नव्हता आणि आमच्यापैकी एकानंही त्याच्या घरी जाऊन विचारलं नव्हतं की बाबा काय झालं. म्हणजे तो डोंगरावर मागे पडलाच नाही, तो आधीच मागे पडलेला होता, आम्हाला मोजणी कमी भरल्यावर दिसलं एवढंच.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकतो, नव्व्याण्णव सोडून एकासाठी जाणारा मेंढपाळ. पण त्या ट्रेकनंतर मी बायबलात दुसऱ्याच जागा शोधायला लागलो. उत्पत्ती या पुस्तकाच्या 33व्या अध्यायात एसाव म्हणतो चल बरोबर जाऊ, तर त्याचा भाऊ याकोब म्हणतो तू हो पुढे, माझी पोरं लहान आहेत, दूध पाजणारी जनावरं आहेत, एक दिवस जरी जास्त दामटलं तर कळप मरेल, मी यांच्या चालीनं हळूहळू येतो. आणि अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात अमालेकी लोकांनी इस्राएलावर हल्ला केला तो समोरून नाही, पिछाडीला राहिलेल्या थकल्याभागल्यांवर केला. त्या दिवशी आमची पिछाडी मीच उघडी टाकली होती.

मामा महादेव कोळी समाजाचे, हरिश्चंद्रेश्वरावर त्यांची श्रद्धा, आमचा धर्म कुठला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पैसे पुढे केले तर जेवणाचे तेवढे घेतले. रात्री गुहेत आम्ही नारायण वामन टिळकांची भजनं म्हणली, 1895 साली ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी अभंग, कीर्तन आमच्या चर्चमध्ये रुजवलं आणि त्या चाली कुणालाही आपल्याच वाटतात, मामा दाराशी बसून टाळ्या वाजवत होते आणि तो मुलगा चुलीजवळ पिठलं भाकरी खात होता.

त्यानंतर आम्ही नियम केला, सगळ्यात अनुभवी माणूस पुढे नाही, शेवटी चालणार, आणि ज्याचा दम कमी तो पुढून दुसरा, म्हणजे सगळ्यांचा वेग त्याचा वेग. जुन्या ट्रेकर लोकांना यात नवीन काही नाही, पण फोनवर बघून शनिवारी रात्री निघणाऱ्या ग्रुपना आणि आमच्यासारख्या चर्चच्या मंडळ्यांना हे कोण सांगणार? कुणी अडकलं की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या टीमची माणसं आपापली कामं टाकून रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात, कुणा अनोळखी एकासाठी. त्यांच्यावर ती वेळ आणायचीच कशाला?

म्हणून विनंती, आपल्या भटकंतीच्या पानावर कसं जायचं, कुठं जेवायचं याच्याबरोबर शेवटी कोण चालणार हेही ठळक छापा. आणि माझ्या ख्रिस्ती बंधूभगिनींना सांगतो, येत्या रविवारी भक्ती सुटल्यावर बाकांकडे बघून आठवा की इथं कोण बसायचं आणि किती दिवस दिसलं नाही, आणि त्याच दुपारी त्याच्या घरी जा. फोन नको, स्वतः जा.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर