वयनी, त्या छत्रीसाठी

वयनी,

हे पत्र घरी पाठवलं असतं तर तू वाचून डाळीच्या डब्याखाली ठेवलं असतंस आणि कोणाला कळलंही नसतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय. यंदा शिमग्याला गावात आलो तेव्हा धाकट्या चुलतभावाने बोलता बोलता सांगितलं, की 2019 मधली, मुंबईच्या मोर्चातली आपली ती क्लिप तेव्हाच वाडीतल्या मोबाइलांवर फिरली होती आणि त्यावरून जे काही झालं ते तू एकटीने निस्तरलंस. मला इतकी वर्षं एका शब्दाने कळू दिलं नाहीस. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमातला आम्हाला, म्हणजे समलिंगी माणसांना, गुन्हेगार ठरवणारा भाग काढून टाकला. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम, इंग्रज गेले तरी आपण जपून ठेवलेलं. त्या निकालानंतर पुढच्या फेब्रुवारीत मुंबईत प्राइड मार्च, म्हणजे आमच्यासारख्यांचा मोर्चा, निघाला. मला जायचं होतं, एकट्याने जायची छाती नव्हती, आणि घरात फक्त तुला माहीत होतं. दादाला तू काय सांगितलंस देव जाणे, पण कणकवलीला तुतारी एक्सप्रेसमध्ये मांडीवर आंबोळ्यांचा डबा घेऊन माझ्या शेजारी बसलीस.

ऑगस्ट क्रांती मैदानात पाऊल ठेवलं तेव्हा पोटात गोळाच आला. आपल्यासारखी इतकी माणसं या जगात आहेत, हे तोपर्यंत नुसतं ऐकून होतो. कोणी पंख लावलेले, कोणी नऊवारीत, कोणी साध्या इस्त्रीच्या शर्टात माझ्यासारखे बावरलेले. मुलांच्या नावाने पाट्या धरून उभे असलेले आईबापही होते, त्यांच्याकडे मी फार वेळ बघू शकलो नाही. तू मात्र जत्रेत आल्यासारखी सगळं न्याहाळत होतीस. मग हळूच विचारलंस, "हयच गांधी बोललेलो मा?" मी म्हटलं, हो, 1942 ला, 'करेंगे या मरेंगे'. "मगे बरा," म्हणालीस आणि पदर खोचलास.

मला भीती पोलिसांची नव्हती, गॅलऱ्यांची होती. ग्रँट रोड, गिरगाव, तिकडे लालबाग. अर्धं कोकण तिथेच तर राहतं. वर कोणी वाकून बघितलं की वाटायचं, हा आपल्या वाडीतलाच. तोंडाला रुमाल बांधला होता, तो घामाने सारखा घसरत होता. तेवढ्यात एक कॅमेरावाला थेट आमच्यासमोर आला. बाजूची पोरं ओरडली, अरे काढ तो रुमाल, आता कायदा आपल्या बाजूने आहे! चांगल्या मनानेच म्हणाली असतील.

तू काहीच म्हणाली नाहीस. काखेतली ती काळी छत्री, मुठीला चिंधी गुंडाळलेली, फटकन उघडलीस आणि माझ्या तोंडासमोर धरलीस. स्वतः मात्र छत्रीबाहेर, कॅमेऱ्यात सरळ बघत. मी कुजबुजलो, वयनी, तू दिसशील. "दिसांदे. माका कोण काय करतलो?"

ती क्लिप चुलतभावाने शिमग्याला मला दाखवली. एक छत्री, छत्रीखाली माझे दोन पाय, आणि शेजारी ठसठशीत कुंकू लावलेली तू, मागे सप्तरंगी झेंडा.

त्या मोर्चाआधी भेटलेल्या प्रत्येकाला माझं काहीतरी करायचं होतं. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे धीर करून गेलो होतो. त्यांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, लग्न कर, सगळं सुरळीत होईल. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने माणसाला 'बदलण्याचे' असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची फी आठवली. आणि आपले ते नातेवाईक, ज्यांना हे 'मुंबईचं वारं' वाटतं! जत्रेत दशावताराला हीच मंडळी पहाटेपर्यंत जागतात आणि स्त्रीपार्ट करणाऱ्या पुरुषाच्या लुगड्याचं, डोळ्यांचं कौतुक करत घरी येतात. तो कलावंत वेगळा, मी वेगळा, हे मला कळतं. पण रंगमंचावर इतकं मोठं होणारं मन मांडव सुटला की कुठे जातं?

निकाल देताना न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं होतं, की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. इतिहास मागेल तेव्हा मागेल. मला त्या दुपारी कोणी धाडसी बनवायला नको होतं. मला लपायचं होतं, आणि तू मला लपू दिलंस. का, कशाला, किती दिवस, काही न विचारता. अशी माणसं भाषणं करत नाहीत, पाटी धरत नाहीत, त्यांचा फोटो आलाच तर चुकून येतो. पण वाडीत अशी दोन-तीन असली तरी माझ्यासारखी पोरं गाव सोडून पळणार नाहीत.

चुलतभाऊ सांगत होता, भर मांडावर एका मोठ्या माणसाने तुला टोमणा मारला, आमच्या सुना आता मुंबईत नाचूक लागले. तू म्हणालीस, "नाचलंय नाय, चाललंय. नाचूक येय नाय, नायतर नाचलंय असतंय." माझं नाव तेव्हाही काढलं नाहीस. दादालाही तेव्हा पटलं नव्हतं म्हणे, महिनाभर धड बोलत नव्हता. त्याबद्दल त्याच्याशी मी वेगळं बोलेन, तू मध्ये पडू नकोस.

परतीच्या गाडीत तू विचारलं होतंस, "तुका कोण आसा काय रे?" तेव्हा नव्हतं कोणी. आता आहे. नागपूरकडचा आहे, तिखटाला घाबरत नाही, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं अजून खाल्लेलं नाही. चतुर्थीला घेऊन येतोय. आंबोळ्या जरा जास्त घाल.

तुझा दीर